फुकटचा पास आणि पुढचा सोफा

कोल्हापूरचा पेपर वाचायला फार डोकं लागत नाही. मागल्या साली याच महिन्यातला अंक रद्दीतून काढून वाचला तरी चालतंय. जुलै उजाडला की पंचगंगा पात्राबाहेर पडणार. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. राधानगरीचा कितवा स्वयंचलित दरवाजा किती वाजता उघडला आणि कधी मिटला, हे शाळकरी पोरगंसुद्धा तोंडपाठ सांगतंय. मग गणपतीत डॉल्बी वाजू द्यायचा की नाही यावर पंधरा दिवस चर्चा आणि सोळाव्या दिवशी डॉल्बी. मग दसरा. मग जयसिंगपूरची ऊस परिषद, आंदोलन, वाटाघाटी, तोडगा, आणि शेवटी "हंगामाने घेतला वेग" असा मथळा. पंचांगकर्त्याला दरसाल ग्रहणाची वेळ तरी नव्यानं काढावी लागते. वार्ताहराला तेवढाही त्रास नाही.

काही बातम्या तर बापाकडून लेकाकडं आलेल्या आहेत. १९७२ साली कोल्हापूरची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीची बातमी छापून येते. शहराला आसपासची गावं पाहिजेत, गावांना शहराचा घरफाळा नको, असा हा मामला. पन्नास वर्षांत हद्द एक वीतभर सरकली नाही, पण त्या बातमीनं किती रीळ कागद खाल्ला असेल याचा अंदाज आपल्या गोडाऊन कीपरनं करावा. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं तसंच. पाणी नळाला यायच्या आधी कित्येक वर्षं ते पेपरातच वाहत होतं. २०२३ च्या दिवाळीत ते खरोखर शहरात पोचलं, तेव्हा काही वाचकांना चुकल्यासारखं झालं म्हणे. पुढं गळतीच्या बातम्या सुरू झाल्या आणि जिवाला बरं वाटलं.

हे झालं बातम्यांचं. पण पेपराची आणि शहराच्या भिंतींची खरी शोभा म्हणजे वाढदिवस. अर्धं पान भरून फोटो, फोटोत हात जोडलेले, डोळ्याला काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी (तिचा आपल्या साखरेशी संबंध नाही), आणि खाली "कार्यसम्राट", "युवकांचे आशास्थान", "गोरगरिबांचे कैवारी". या पदव्या कुठल्या विद्यापीठात मिळतात कळत नाही, पण नापास कुणीच होत नाही. शहरात तर यात एक "भावी नगरसेवक" नावाची जात तयार झाली होती. महापालिकेची मुदत संपली २०२० च्या नोव्हेंबरात आणि निवडणूक झाली २०२६ च्या जानेवारीत. तोपर्यंत ही मंडळी पाच वर्षं भावीच राहिली. फ्लेक्स उन्हानं पांढरे पडले, फोटोतल्या दाढ्या काळ्या राहिल्या आणि खऱ्या पिकल्या, पण भावीचं वर्तमान होईना. दरसाल नवा फ्लेक्स मात्र निघायचा. कोल्हापुरात कुठला धंदा मंदीत नव्हता विचारलंत, तर फ्लेक्सवाल्याचा.

आता तुम्ही म्हणाल, आपला पेपर म्हणजे कारखान्याचं पत्रक. यात गाळप, उतारा, लागणीच्या नोंदी, खोडव्याची निगा एवढं लिहावं. शहरातल्या फ्लेक्सचं इथं काय काम? काम आहे. त्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीत कधी कधी साखर कारखानदारीतले थोरही असतात. जाहिरातीच्या तळाशी बारक्या टायपात बघा: "शुभेच्छुक : समस्त सभासद, कामगार व ऊस वाहतूकदार." समस्त सभासद म्हणजे कोण? मी आणि तुम्ही. आपण भांगलणीला गेलो होतो आणि इकडं आपण शुभेच्छा देऊन मोकळे झालो. द्यायला ना नाही, माणसं कर्तबगार असतात. पण आपल्या नावानं कुणी हार घातला, तर हाराचे पैसे कुणाचे, हे विचारावं असं कुणाला वाटत नाही, याचं मला नवल वाटतं. हेच जर कुणी आपल्या नावावर सोसायटीतनं खताची पोती उचलली असती, तर आपण कोयता घेऊन गेलो असतो.

आणि ज्या पेपरात आपण एवढे शुभेच्छुक, त्यात आपली बातमी कशी येते ते पण बघा. साखर किलोला रुपया-दोन रुपयानं वाढली की पहिल्या पानावर मथळा येतो, "ऐन सणात साखर कडू". सोबत किराणा दुकानापुढं कपाळाला हात लावलेल्या ताईंचा फोटो. त्या ताईंच्या हातातल्या पिशवीत चहापुडा, तेल, बिस्किटं सगळं असतंय, कडू होते ती फक्त साखर. उलट केंद्र सरकारनं २०१८ साली साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला, २०१९ च्या फेब्रुवारीत तो ३१ केला आणि पुढची पाच वर्षं त्याला हातच लावला नाही, याचा मथळा कुणी वाचलाय? त्याच काळात एफआरपी वाढत गेली. २०१९-२० ला ती १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागं २७५ रुपये होती, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये झाली. वाढली ते चांगलंच झालं, आपल्याच घरात येते ती. पण उसाचा भाव चढता आणि साखरेचा किमान भाव बसलेला, मग कारखान्यानं बँकेकडनं किती उचल घ्यायची आणि चौदा दिवसांत बिल कशातनं भागवायचं, हा हिशेब शहराच्या पेपरात येत नाही. चौदा दिवसांत बिल ही काय मेहेरबानी नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ते लिहिलंय आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याजही लिहिलंय. ही बातमी आतल्या पानावर, नेत्रचिकित्सा शिबिराच्या शेजारी, तीन ओळींत. शिबिराला जाऊन चष्मा लावून आलं तरच दिसेल अशी.

महापुराचंही तसंच. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. तेव्हाचे फोटो आठवा. बुडालेली रिक्षा, चौकातली नाव, पुलावर उभारून पाण्याबरोबर स्वतःचा फोटो काढणारी गर्दी. सगळं खरं. पण उसाच्या सुरळीत गाळाचं पाणी शिरून पंधरवड्यात फडचे फड आतनं कुजले, त्याचा फोटो निघत नाही, कारण वरनं ऊस उभाच दिसतो. छायाचित्रकाराला काय, उभा ऊस म्हणजे हिरवंगार कोल्हापूर. "पिकांचे नुकसान" एवढे दोन शब्द येतात आणि त्याच्या खाली पुन्हा कुणाचा तरी वाढदिवस.

यात वार्ताहराला शिव्या देऊन उपयोग नाही. तो बिचारा फटफटीवरनं हिंडतो, त्याला मिळणारं मानधन ऐकलं तर आपला ऊसतोड मुकादमसुद्धा हळहळेल. पेपर छापायला जेवढा खर्च येतो तेवढी किंमत आपण देत नाही. पेपर चालतो जाहिरातीवर. आपण तर बऱ्याचदा तोही पानपट्टीवर उभारून वाचतो. मग ज्यानं अर्ध्या पानाचे पैसे मोजले त्याला अर्धं पान आणि आपल्याला तीन ओळी, हा व्यवहार कसा चुकीचा म्हणायचा? फुकट वाचणाऱ्याला फुकटाची बातमी मिळते.

करमणुकीचंही हेच गणित आहे. तिथं तर ते जास्तच उघडं दिसतं.

कोल्हापूर हे करमणुकीच्या बाबतीत कुणापुढं मान खाली घालायचं गाव नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. कुठंही टेका, हौदातल्या दोन्ही मल्लांचे पाय दिसणार, अशी त्याची उतरंड. त्याच्याच अंगाला लागून १९१५ साली पॅलेस थिएटर झालं. पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली याच कोल्हापुरातनं 'सावकारी पाश' नावाचा मूकपट काढला. शेतकऱ्याची जमीन कागदावर कशी जाते आणि तो शहरात मजूर म्हणून कसा पोचतो, ही त्याची गोष्ट. त्यातला तरुण शेतकरी व्ही. शांतारामांनी केला होता. म्हणजे सहकारी सोसायट्यांची पाळंमुळं अजून धरत होती, त्या काळात सावकाराचं सोंग कोल्हापूरनं पडद्यावर उघडं पाडलं, तेही तोंडातनं शब्द न काढता. आणि आपली म्हणजे सहकाराची पाळी आली, ती 'सामना'त. निळू फुल्यांचा हिंदुराव आणि डॉ. लागूंचा मास्तर. एक माणूस नाहीसा होतो आणि एक दारुडा मास्तर त्याचीच चौकशी करत बसतो, एवढ्यावर सगळा सिनेमा. साखर कारखान्याच्या अध्यक्षावर एवढा करकरीत ओरखडा त्याआधी कुणी काढला नव्हता. तो तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी काढला, आणि आपल्या लोकांनी तिकीट काढून बघितला. हसले, टाळ्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेल्यावर इकडंतिकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं असेल.

मला सांगायचंय ते हेच. तिकीट काढलेला माणूस वेगळा बसतो. जत्रेतल्या तमाशाला कनातीच्या तोंडाला पैसे मोजून आत गेलेला गडी सोंगाड्या पडला तर पडला म्हणून ओरडतो. कुस्ती निकाली व्हायच्या ऐवजी नुसतीच झटापट चालली तर "लावून घेतलीया काय?" म्हणून पुकारा करतो. त्याचा तो हक्क असतो, खिशातनं विकत घेतलेला.

आता आजचा कार्यक्रम बघा. मैदानभर मांडव. "सर्वांना मोफत प्रवेश". पुढच्या चार रांगा सोफ्याच्या, पांढऱ्या खोळी घातलेल्या. त्यावर कोण बसणार हे आधीच ठरलेलं. त्यांच्या मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांच्या मागं बांबू, आणि बांबूच्या मागं आपण. वेळ सातची. पाहुणे साडेनऊला येणार. मग दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्यानं वात विझणार. मग सत्कार, सत्कार करणाऱ्याचा सत्कार, आणि यादीतनं कुणाचं नाव राहिलं म्हणून त्याची जाहीर माफी. निवेदकाचा घसा बसला की दहाला दहा मिनिटं राहिलेली असतात. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. मग एक गाणं होतं. अर्धं. फौजदारसाहेब घड्याळाकडं बोट दाखवतात आणि गर्दी मोटारसायकली काढायला लागते. या सगळ्यात कुणी "हे काय चाललंय?" म्हणून ओरडलंय? नाही. फुकट आलेला माणूस कुठल्या तोंडानं ओरडणार?

बायकांसाठी पैठणीचा खेळ. त्यात मजा येते हे नाकारत नाही. आमच्या वहिनींनी फुगा फोडून मिक्सर मिळवला आणि अजून तो खोक्यातच आहे. पण अलीकडं पैठणीच्या आधी भाषण, पैठणीच्या नंतर भाषण, आणि निवडणूक नसली की पैठणीच नाही, असं व्हायला लागलंय. गणपतीच्या मिरवणुकीत तर नाच बघणाऱ्यांनी आता डोळे सांभाळायची वेळ आली. २०२४ च्या गणेशोत्सवात लेसरच्या झोतानं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या याच जिल्ह्यातनं आल्या. एवढ्या प्रकाशात काहीच दिसत नाही, ही प्रगतीच म्हणायची.

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळं गाव लोटलं. नाटकवाली माणसं रस्त्यावर बसून रडली, आणि नाटकाशी काही संबंध नसलेलीही रडली. त्या रात्रीची चेष्टा मी करणार नाही. फक्त एक प्रश्न त्या गर्दीला विचारावासा वाटतो, आणि त्या गर्दीत आपल्या भागातलीही पुष्कळ माणसं होती: आग लागायच्या आधीच्या वर्षभरात आपल्यातल्या किती जणांनी त्या नाट्यगृहाचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं होतं? पास मिळाला तर जाऊ, असं म्हणणारे आपण. पासावर आलेला प्रेक्षक इमारत जळल्यावर येतो, चालू असताना येत नाही. सरकारनं ते पुन्हा उभं करायला पैसे दिले, ते बरं झालं. भिंती सरकार बांधेल. खुर्च्या भरायला सरकारी माणसं बसवता येत नाहीत.

आता आपल्या अंगणात येऊ. सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा. कोल्हापूर जिल्ह्यात या सभेसारखी करमणूक दुसरी नाही आणि तिलाही प्रवेश मोफत. व्यासपीठावरनं विषय वाचायला सुरुवात होते न होते तोवर "मंजूर, मंजूर". तिकडनं "नामंजूर". माइक कुणाच्या हातात हे कळत नाही. आमच्या जिल्ह्यानं तर सहकाराला एक नवीच देणगी दिली आहे, ती म्हणजे समांतर सभा. आत एक सभा, बाहेर एक सभा, दोन्हीकडं सगळे ठराव एकमतानं. दुसऱ्या दिवशी पेपरात "गदारोळात सभा संपन्न", आणि गदारोळ कशावर झाला हे गदारोळ करणाऱ्यालाही आठवत नाही. अहवाल मात्र आदल्या पंधरवड्यात घरोघर पोचलेला असतो. त्यात पान उलटलं की दिसतंय: किती टन गाळलं, उतारा किती, तोडणी-वाहतुकीला टनामागं किती गेलं, कर्जावर व्याज किती भरलं. तोडणी-वाहतुकीचा आकडा एकट्यानं वाचला तरी रात्रीची झोप उडेल, कारण तो एफआरपीतनंच वजा होतो. पण अहवालाच्या पानांत आमच्याकडं भडंग बांधतात.

गट ऑफिसात परवा आण्णांपुढं हे बोललो. आण्णा जुने सभासद, शेअर्स घेताना म्हैस विकलेले. म्हणाले, "तुमचं बरोबर हाय, पण सभासदाला वर्षातनं एकदा फुकट काही मिळालं तर तुमच्या पोटात का दुखतंय?" मी म्हणालो, "आण्णा, फुकट कुठं मिळतंय? मोळी टाकायच्या कार्यक्रमाला ऑर्केस्ट्रा आणला, तो खर्च पत्रकात कुठल्या तरी खात्यावर पडतोच की. तुम्ही पैसे दिलेत. फक्त तिकीट तुमच्या हातात आलं नाही, एवढंच." आण्णांनी थोडा वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, "मग सोफा आमचा की."

त्यावरनं सुचलं ते संचालक मंडळापुढं ठेवतो. एक तर या अंकात वाढदिवसाची जाहिरात घेऊ नये. संपादकांनी कुरकुर केली तरी चालेल. त्या जागी दर महिन्याला तीन आकडे मोठ्या टायपात छापावेत: त्या महिन्यात साखर काय भावानं विकली, तोडणी-वाहतुकीला टनामागं किती पडले, आणि कुठल्या तारखेपर्यंत आलेल्या उसाचं बिल भागलं. फोटो लागलाच तर वजनकाट्याचा टाकावा.

दुसरं, यंदा हंगामातला कार्यक्रम तिकीट लावून करावा. ऑर्केस्ट्राच पाहिजे असं नाही. एखादं चांगलं नाटक आणावं, कोल्हापुरात हौशी मंडळी पुष्कळ आहेत आणि नाट्यगृह जळल्यापासून जागेसाठी हिंडून दमली आहेत. किंवा जत्रेत फिरणारा तमाशाचा फड आणावा. तोही हल्ली मोबाइलच्या माऱ्यानं टेकीला आलाय. तिकीट वीस रुपये. विक्री चिटबॉयकडं द्यावी, त्याला सगळ्यांच्या बांधाचा पत्ता ठाऊक. सभासदाला सवलत नको, सवलतीची साखर दिवाळीला मिळते तेवढी पुरे.

फुकट पास फक्त एका वर्गाला द्यावा: मराठवाड्यातनं आलेल्या ऊसतोड टोळ्यांना. ती माणसं पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, आपल्या बांधाला खोप घालून पाच-सहा महिने काढतात आणि आपल्या जत्रा लांबनं ऐकतात. त्यांना बांबूच्या अलीकडं, पुढं बसवावं.

आणि सोफे ठेवायचेच असतील तर ठेवावेत. मात्र त्याचं तिकीट पाचशे रुपये, रोख, पावती घेऊन. साडेनऊला येणाऱ्याची जागा सात वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्याला विकायची मुभा चिटबॉयला असावी. आण्णांनी एका सोफ्याचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवलेत.